पाणी पाजलेला आकडा

माळावरून तीन टोले आले की रंगुबाईचा हात भात्याच्या दांड्यावर थांबायचा. लोखंडावर लोखंडाचे टोले, एकेका श्वासाच्या अंतराने. नानासोच्या विहिरीवर बाभळीला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. त्याच्यावर हातोडा मारून वरची माणसं खालच्याला कळवायची की काठ मोकळा झालाय, बादली सोडतोय, आता वात पेटव. आणि खाली कोण, तर सयाजी. रंगुबाईचा पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ही बारा वर्षांची, म्हणजे त्याला वाढवला तो हिनेच. टोल्यांनंतर सुरुंगाचा आवाज येईपर्यंत ती श्वास पुरता घ्यायची नाही. आवाज आला, पत्र्यावर बारीक धूळ थरथरली, की मग ती "सुटला गं बाई" असं स्वतःशीच म्हणून भाता हलवायला लागायची. गेले तीन महिने रोज दुपारी हे चाललं होतं. अशा गोष्टींची सवय होते म्हणतात. तिला काही झाली नव्हती.

खरं तर आधी बादली खाली जावी आणि मग वात पेटावी, एवढी अक्कल कुणालाही असते. सयाजी तर दहा वर्षं फौजेत सुरुंग लावून आलेला. तिथे असं उलटं केलं असतं तर साहेबाने त्याला उभा सोलला असता. पण नानासोच्या विहिरीवर रीत अशीच पडली होती. यारी, म्हणजे बादली वर-खाली करायचं यंत्र, इंजिनाची, इस्लामपूरकडून आणलेली. तिची बादली खाली रिकामी उभी राहायला नको, म्हणून टोले ऐकले की सयाजीने वाती लावायला घ्यायच्या. चार वाती लागेपर्यंत बादली खाली पोचते, तो बसतो, वर येतो. तेवढाच वेळ वाचतो. वेळ वाचवायच्या नादात माणूस काय काय पणाला लावतो ते विहिरीच्या काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

हे त्र्याहत्तर सालचं. विट्याच्या पूर्वेकडचा तो सगळा माळ भाजून निघालेला. गावातली निम्मी तरणी माणसं सोन्या-चांदीच्या गलाईला परमुलखात गेलेली, उरलेली सरकारी कामावर खडी फोडायला. नानासो मात्र हटला नव्हता. त्याच्या बापाने जन्मभर मेंढरं वळली. नानासोने जमीन धरली, विहीर पाडली आणि ती आटली तशी आणखी खोल न्यायला घेतली. सत्तर फूट झाली होती. वरच्या चाळीस फुटांना जुन्या पायऱ्या होत्या, खालचे तीस फूट नुसता काळा उभा कातळ. तिथून वर यायचं तर यारीच्या बादलीतूनच.

बादली लोंबायची ती एका आकड्यावर. यारीच्या तारदोराच्या टोकाला एक कडी, बादलीला एक कडी, आणि मध्ये हा दोन्ही अंगांनी वळलेला आकडा. पहिला आकडा रंगुबाईच्या नवऱ्याने, आकाराम लोहाराने, बैलगाडीच्या चाकावरच्या जुन्या धावेच्या लोखंडाचा केला होता. तो जवळजवळ तीन महिने चालला. मग एके दिवशी सकाळी बादलीत मापापेक्षा मोठा धोंडा चढवला, तेव्हा त्याने हळूहळू जबडा वासला. वरच्यांनी तो वासताना बघितला, बादली तशीच खाली टेकवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण नानासोचा पारा चढला. तो आकडा हातात नाचवत लोहाराच्या दारात आला.

"आकाराम, ह्यो आकडा हाय का बाईच्या नाकातली नथ? मला असला मऊ नगं. मोडंल पर वाकणार न्हाई, असा कर."

मोडेन पण वाकणार नाही, हे वाक्य पारावर बसून मिशीला पीळ देणाऱ्याला शोभतं. आकड्याला शोभत नाही. आकाराम शांत माणूस, त्याने मान वर न करताच सांगितलं, "नाना, वाकला म्हणून तर तुमच्या ध्यानात आलं. वाकणारं लोखंड सांगून जातं. मोडणारं सांगत न्हाई."

नानासोला ते पटलं नाही. त्याने तासाभरात ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांतली एक जाडजूड पट्टी पैदा करून आणली. पोलाद. जुना आकडा मात्र टाकला नाही. शेतकरी माणूस काही टाकत नाही. विहिरीवर बाभळीच्या फांदीला अडकवून त्याच्यावर पाण्याचं मडकं लटकवलं.

आकारामने ती पट्टी तापवून आकडा वळवला तेव्हा घण रंगुबाईच मारत होती. वीस वर्षं तीच मारत होती. आकाराम सांडशीने लोखंड धरायचा, लहान हातोडीने जागा दाखवायचा आणि ती तिथे घण उतरवायची. या वीस वर्षांत त्याने तिला धातूंची जातकुळी तोंडी शिकवली होती. सोनं ओढावं तितकं सूत होतं, तांबं ठोकावं तितकं पान होतं, ती मुळात गरीब जात. लोखंडाला मात्र विचारून घ्यावं लागतं. धावेचं लोखंड गरम असो, थार असो, ठोकलं तर ऐकतं. पोलाद तापलेलं असताना गाईसारखं असतं. पण तसंच लालभडक पाण्यात बुडवलं तर काचेच्या जातीचं होतं. पहारीच्या टोकाला, छिन्नीच्या धारेला तेच हवं असतं, म्हणून त्यांना पाणी पाजतात. जे लोंबतं, ओढलं जातं, वजन पेलतं, त्याला पाणी पाजत नाहीत.

त्याच दिवशी आकारामला दुपारच्या एसटीने सांगलीला जायचं होतं, भट्टीचा कोळसा संपत आला होता. पट्टीचा उरलेला वीतभर तुकडा त्याने तोडून भट्टीतच टाकला, आकडा निखाऱ्यांत सरकवला आणि पिशवी उचलली.

"एकदा लाल झाला की राखंत पुरून ठेव. रातभर निवू दे. पाणी दाखवू नगंस त्याला."

"व्हय," ती म्हणाली. इतकं सोपं ते काम होतं.

तो गेला आणि अर्ध्या तासात बिराप्पा आला. बिराप्पा नानासोचा पुतण्या, यारीचं इंजिन तोच चालवायचा. येताना काखेत बोथट झालेल्या सात-आठ छिन्न्या आणि दोन पहारी घेऊन आला. "वयनी, ह्येंची टोकं करा. आन आकडा द्या. माणसं खोळंबल्यात. सयाजी खालीच अडकून बसलाय, त्याला जेवाण सुदीक दोरीनं सोडलं."

रंगुबाईने छिन्न्या भट्टीत घातल्या. एक काढायची, टोक ठोकायची, डोणीतल्या पाण्यात बुडवायची. चर्रर्र. दुसरी काढायची, ठोकायची, बुडवायची. बिराप्पा दारात उभा राहून बोलत होता, आणि तिच्या मनात तीस फूट काळ्या कातळाच्या तळाशी उन्हात बसलेला भाऊ होता. सांडशीत काय आलंय ते तिच्या डोळ्यांनी बघितलं. पण हाताला जी लय लागली होती, ती डोळ्यांच्या आधी धावली. चर्रर्र झालं आणि वाफ तोंडावर आली तेव्हा तिला कळलं की डोणीत आकडा आहे. शेजारी तो वीतभर तुकडाही होता, त्याच सांडशीत अडकून आलेला.

तिने झटकन बाहेर काढला. हात लावला तर थंड.

"झाला व्हय? द्या हिकडं," बिराप्पा म्हणाला आणि आकडा खांद्यावर टाकून निघालासुद्धा.

तिला हाक मारता आली असती. तोंड उघडलंही होतं. पण हाक मारून सांगायचं काय? लोहाराच्या बाईने वीस वर्षांनी पोलादाला चुकून पाणी पाजलं? आकारामच्या हातच्या वस्तूंवर पंचक्रोशी डोळे मिटून विश्वास ठेवायची, आणि पाण्याचं काम तो तिच्याशिवाय कुणाच्या हाती देत नसे. तिने मनाची समजूत घातली. एकदाच बुडवला. पटकन काढला. कुठे लाल होता एवढा, तांबूसच होता. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की शब्द कसे हाताशी येऊन उभे राहतात.

पहिल्या रात्री तिला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन टोले आले, मग सुरुंग झाला, आणि तिने कपाळाचा घाम पुसला. संध्याकाळी सयाजी स्वतःच सांगून गेला, "आक्का, दाजींचा आकडा लय भारी झाला बघ. केवढाले धोंडे वर काढले, केसभर हालला न्हाई. नाना खूश हाय."

केसभर हलला नाही, हे ऐकून बाकी कुणाला बरं वाटलं असतं. तिला नाही वाटलं. चांगला आकडा पहिल्या वजनाला थोडा बसतो, जरासा उघडतो, मग थांबतो. हा बसला नव्हता. ती भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. सांगावं का? उद्या सकाळी आकाराम येईल, मग त्यालाच सांगू, तोच गुपचूप दुसरा आकडा करून देईल. आजचा दिवस तर गेला.

आकाराम सकाळी आला नाही. कोळशाची गाडी अडकली असेल, कोण जाणे. रंगुबाई भट्टीपाशी बसली, उठली, पुन्हा बसली. कामात मन घालावं म्हणून तिने तो वीतभर तुकडा घेतला. कुणाच्या तरी कुदळीला पाचर हवी होती. दुपार व्हायला आली होती. तिने तुकडा ऐरणीच्या कडेवर धरला आणि हातोडी मारली, फार जोरात नाही, वाकतोय का बघण्यापुरती.

तुकडा वाकला नाही. टणकन दोन झाले. एक उडून पत्र्यावर आपटला.

तिने हातातला अर्धा डोळ्यांजवळ नेला. तुटलेलं तोंड चमकत होतं, बारीक दाणेदार, साखरेच्या ढेकळासारखं. धावेचं लोखंड तुटतं तेव्हा लाकडासारखे धागे निघतात, ओढल्याच्या खुणा दिसतात. इथे एक धागा नव्हता. हा तुकडा आणि आकडा एकाच पट्टीचे, एकाच भट्टीतले, एकाच डोणीत एकाच वेळी बुडालेले.

तिने सावली बघितली. टोल्यांची वेळ होत आली होती. पदर खोचला आणि तो अर्धा तुकडा मुठीत धरून ती पळत सुटली.

विहीर मैलभर. मध्ये नुसता मुरूम आणि कुसळं. पायात वहाण नव्हती. आपण पळतोय आणि तीन टोले आता पडतील, आता पडतील, या एका भीतीने तिचे कान इतके ताणले होते की स्वतःच्या धापेचासुद्धा तिला राग येत होता. टोले पडले की सयाजी वाती पेटवणार. वाती पेटल्या की बादलीत बसणार. बादली त्या आकड्यावर. देवा बिरोबा, आजच्या दिवस त्यांची भाकरी लांबू दे, गप्पा लांबू दे, इंजिन बंद पडू दे. सख्ख्या भावासाठी एवढे अडथळे कुणी मागितले नसतील.

टोले पडले नव्हते. ती पोचली तेव्हा बादली नुकतीच वर आली होती. तिघे जण छिन्न्या-पहारी घेऊन तिच्यातून बाहेर आले होते, बिराप्पा इंजिनापाशी होता आणि नानासो काठावरची शेळी हाकलत होता. यारीचा लोखंडी हात बाजूला वळवून बादली मातीच्या ढिगावर टेकवली होती. खाली एकटा सयाजी उरला होता, भोकांत दारू ठासून वाती नीट करत.

"नाना, थांबा! बादली सोडू नगा. आकडा काढा पैला."

"का गं? काय झालं?"

"त्यो मोडणार हाय."

नानासो हसला. "आगं, तीन दिस झालं. ह्येनं डोंगर उचललाय. केसभर उघडला न्हाई."

"आवं, म्हणूनच सांगतीया! उघडला असता तर मी आले नसते. हे बघा." तिने मूठ उघडली. तुकड्याच्या कडेने तळवा कापला होता, चमकत्या दाण्यांवर रक्त लागलं होतं. "त्याच पट्टीचा हाय. एका हातोडीत दोन झालं."

"आकाराम असं काम करायचा न्हाई," नानासो म्हणाला. तो तिला नवऱ्याचं कौतुक म्हणूनच म्हणाला असेल, पण तिला ते चटक्यासारखं लागलं.

"त्यांनी न्हाई केलं. मी पाणी पाजलं त्याला. चुकून. त्यांनी नगं म्हणून सांगितलं हुतं, तरी माझ्या हातनं झालं. आन परवापासनं मी गप बसले." बोलून झालं आणि तिला वाटलं, आता आपलं घर गावातून उठलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नानासोची गोष्ट वेगळीच होती. त्याला नवा आकडा जिवापाड आवडला होता, आणि बाई माणसाचं ऐकून दिवस मोडायचा हे त्याला गिळवत नव्हतं. त्याने ढिगावरचा धोंडे फोडायचा घण पायाने तिच्याकडे सरकवला.

"हाण मग. मोडला तर तू खरी. न्हाई मोडला तर बादली सोडतो, आन पुन्हा ह्यो विषय काढायचा न्हाई."

तिला तेवढंच हवं होतं. बादलीची कडी सोडवून आकडा दोन धोंड्यांवर आडवा टाकला, पदर आवळला आणि घण उचलला. घण हातात आला की तिचे खांदे आपोआप जागेवर यायचे. पहिला घाव पडला. ठण्ण! आकडा घंटेसारखा वाजला. धावेचं लोखंड असं वाजत नाही, ते मुकं असतं. तिने श्वास घेतला, घण वर नेला. ठण्ण! तिघांपैकी एक जण हसला. पुन्हा श्वास, पुन्हा घण. ठण्ण!

आकडा वळणात तुटला. अर्धा सुसाट जाऊन बादलीवर आदळला, अर्धा तारदोराच्या कडीत लोंबत राहिला.  नानासो खाली वाकला, तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि त्याच्या तोंडातून नुसतं "आयला" एवढंच निघालं.

आणि विहिरीच्या तळातून सयाजीचा आवाज आला, मोठा, मोकळा, रोजच्यासारखा.

"पेटली रं! सोडा बादली!"

रंगुबाईला आधी ते समजलंच नाही. टोले कुठे पडले होते? बाभळीपाशी तर कुणी नव्हतं. मग तिची नजर हातातल्या घणाकडे गेली. तीन. एकेका श्वासाच्या अंतराने. रोज भट्टीपाशी बसून मोजलेले तीन टोले आज तिने स्वतः दिले होते. ती काठाकडे धावली. 

"सयाजी, वाती उपट!" बिराप्पा काठावर पालथा पडून ओरडला. "बादली न्हाई! आकडा मोडला! उपट वाती!"

 खाली धावपळ, दगडावर पाय घसरल्याचा आवाज, आणि सयाजीचं उत्तर आलं. या वेळी आवाज मोकळा नव्हता. "दोन उपटल्या! दोन आत गेल्या रं! आत गेल्या!"

ठासलेल्या मातीच्या आत शिरलेली वात बाहेर येत नाही. वरून खाली जळायला तिला तीन मिनिटं लागायची, त्यातली किती गेली ते देवालाच ठाऊक. "नाडा आणा, मोटंचा नाडा आणा!" नानासो ओरडत होता, पण मोट गेल्या वर्षीच मोडीत काढलेली आणि नाडा घरात माळ्यावर. कुणी इकडे पळत होता, कुणी तिकडे.

रंगुबाई बाभळीकडे पळाली. फांदीला तो लोंबत होता, धावेच्या लोखंडाचा जुना आकडा, जबडा वासलेला, पाण्याचं मडकं सांभाळत. तिने मडकं खाली घेतलं नाही, नुसतं हिसकलं. ते फुटलं आणि त्या दुष्काळात घागरभर पाणी मातीत गेलं. कुणी वर बघितलंही नाही.

तिने आकड्याचं वरचं तोंड तारदोराच्या कडीत अडकवलं, धोंड्यावर टेकवलं आणि घण मारला. गरम करायला भट्टी नव्हती. थार लोखंडाला विनवणी तेवढी करता येत होती. थप्प. आवाज झाला नाही, पण जबडा बोटभर मिटला. थप्प. आणखी मिटला. थप्प, कडी बंद. मग बादलीची कडी खालच्या तोंडात. थप्प. थप्प. आपल्या घावांनी आत कुठे चीर तर गेली नसेल? बघायला वेळ नव्हता. लोखंड ऐकत होतं, एवढंच तिला कळत होतं.

"सोड!" ती बिराप्पावर खेकसली.

बिराप्पाने यारीचा हात वळवून बादली अक्षरशः टाकली. तार सणसणत गेली. तळाशी धाडकन आवाज, आणि लगेच सयाजीची हाक, "वढा!"

इंजिन भकभकलं. तार ताणली. रंगुबाई काठावर गुडघे टेकून बसली. हातात अजून घण होता. नानासोने तिला मागे ओढायला हात घातला, तिने तो झिडकारला. खालून बादली येत होती, बादलीत तिचा भाऊ दोन्ही हातांनी तार धरून उभा होता, आणि ती भावाकडे बघत नव्हती. ती आकड्याकडे बघत होती. खालचं तोंड उघडायला लागलं होतं. एक गव्हाचा दाणा जाईल एवढं. मग बोट जाईल एवढं. नव्या आकड्याने असं सांगितलं नसतं. हा सांगत होता, पण सांगून उपयोग काय, आता बादली थांबवता येत नव्हती. "जरा दम धर," ती पुटपुटत होती, "तुला मी भट्टीत न्हेते, राखंत निजवते, तुला पुन्हा कवा वजन देत न्हाई, जरा दम धर." लोखंडाला नवस बोलणारी बाई त्या माळाने पहिल्यांदा बघितली असेल.

बादली काठाच्या वर आली. यारीचा हात वळायला लागला. जबडा आता हाताच्या तळव्याएवढा उघडा होता आणि कडी टोकाकडे घसरत होती.

"उडी मार!"

सयाजीने उडी मारली. पाय काठावर पडले, तोल मागे गेला, नानासोने त्याला सदऱ्याला धरून आत खेचलं आणि दोघेही मातीत लोळले. त्याच्या उडीच्या हिसक्याने आकडा शेवटचा उघडला. बादली निसटली आणि कातळावर आपटत खाली गेली. ती तळाला पोचते न पोचते तोच सुरुंग उडाला. एकामागून एक दोन. दगड वर आले, माती वर आली, सगळे डोक्यावर हात घेऊन पडून राहिले. धूळ बसायला बराच वेळ लागला.

तारेला जुना आकडा हलत होता. खालची बाजू जवळजवळ सरळ झाली होती. पण तुटला नव्हता.

सयाजी उठून बसला. केसांतली माती झटकली, गुडघा चाचपला, आणि माणूस मरणातून निघाल्यावर जसं काहीतरी बोलून टाकतो तसा म्हणाला, "आज टोलं कुनी दिलं रं? लय जोरात दिलं."

 बिराप्पा इंजिनात काहीतरी बघायला लागला. नानासो खाकरला. "ते माझ्याच सांगण्यावरनं..." तो सुरू झाला, आणि ते खोटंही नव्हतं.

"मी दिलं," रंगुबाई म्हणाली.

सयाजीने तिच्याकडे बघितलं.

"आकड्याला पाणी मी पाजलं. दोन दिस गप बी मीच बसले. आन आज टोलंबी मीच दिलं. तुला वर काढाया आले, सया, आन मीच पेटवलं."

 तो सरकत सरकत तिच्यापाशी आला. ती अजून गुडघ्यांवर होती आणि घणाच्या दांड्यावर तिच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या, कापलेल्या तळव्यातून रक्त दांड्यावर ओघळलं होतं. त्याने घण घ्यायला हात लावला. सुटेना.

"सोड, आक्का."

"सुटत न्हाई रं," ती म्हणाली. खरंच सुटत नव्हतं.

मग त्याने तिची बोटं एकेक करून उघडायला घेतली, लहानपणी ती त्याच्या मुठीतून माती सोडवायची तशी. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. घाई केली नाही. शेवटचं बोट उघडलं, घण मातीत पडला, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.